अकरा सेंटिमीटर पाणी

झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला डॉक्टर सीपॅप नावाचं यंत्र देतात. त्याच्या पडद्यावर एक आकडा असतो. कुणाचा ८, कुणाचा ११, कुणाचा १४. आकड्याशेजारी बारीक अक्षरांत एकक लिहिलेलं असतं आणि ते वाचलं की माणूस बुचकळ्यात पडतो. सेंटिमीटर पाणी! यंत्रात हवा, नळीत हवा, नाकात जाते तीही हवाच, मग हे पाणी कुठून आलं? ओळखीच्या एका घरात या आकड्याचा अर्थ ‘ओलाव्याच्या डब्यात पाणी किती भरायचं’ असा लावला गेला होता आणि घरातली सून रोज पट्टीने मोजून पाणी भरत होती. त्यात तिची चूक नाही. हे एकक कुठून आलं हे कुणी सांगतच नाही. दुकानदार सांगत नाही, माहितीपत्रकात नसतं, आणि डॉक्टरांच्या दाराबाहेर तीस माणसं बसलेली असतात.

म्हणून आज या आकड्याची गोष्ट. त्यातूनच घरच्या घरी यंत्राचा दाब कसा पडताळायचा तेही कळेल, कारण एकक जिथून आलं तिथेच पडताळण्याची रीत आहे.

सीपॅपचं काम मुळात साधं आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या घशाची वाट इतकी अरुंद होते की श्वास आत ओढताना ती चिकटून बंद होते. छाती जोर लावत राहते, पण हवा जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. मग मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, घशातून मोठा आवाज निघतो, श्वास सुरू होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. ज्याचा आजार जास्त त्याच्या बाबतीत हे रात्रीत शेकडो वेळा घडतं. सकाळी त्याला वाटतं आपण आठ तास झोपलो. यंत्र नाकावाटे थोड्या जास्त दाबाची हवा सतत आत ठेवतं आणि त्या हवेच्या आधाराने घशाची वाट उघडी राहते. फुग्यात हवा असेपर्यंत त्याच्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत, तसंच हे.

हा दाब किती? ११ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ आपल्या तळावर जेवढा दाब देतो तेवढा. बस, एवढाच त्या एककाचा अर्थ.

हवेला पाण्याने मोजण्याची ही पद्धत विहिरीच्या पंपापासून सुरू झाली. सतराव्या शतकात इटलीत एक कोडं होतं. ओढून घेणारा पंप पाणी साधारण दहा मीटरपर्यंत चढवतो आणि तिथे थांबतो. दट्ट्या कितीही नीट बसवा, पुढे पाणी येत नाही. गॅलिलिओच्या सहवासात शेवटचे काही महिने काढलेल्या तोरिचेल्लीने १६४४ च्या सुमारास याचं उत्तर दिलं. पंप पाणी ओढतच नाही. बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर दाब देऊन ते वर ढकलते, आणि हवेची ताकद दहा मीटर पाण्याइतकीच आहे. पाण्याऐवजी त्याने साडेतेरा पट जड असलेला पारा घेतला, तेव्हा दहा मीटरचा स्तंभ ७६ सेंटिमीटरवर आला आणि टेबलावर मावला.

फ्रान्समधल्या पास्कालला हे पटलं होतं, पण त्याला पुरावा हवा होता. हवा खरोखर वजन टाकत असेल तर डोंगरावर, जिथे डोक्यावरची हवा कमी, तिथे पारा खाली यायला हवा. पास्काल स्वतः आजारी असे. त्याचा मेहुणा पेरिये १९ सप्टेंबर १६४८ रोजी पुई द दोम नावाच्या डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढला. पारा सुमारे ८ सेंटिमीटर उतरला. मला या प्रयोगातला सगळ्यात आवडणारा माणूस मात्र पेरिये नाही. पायथ्याशी दुसरी एक तशीच नळी ठेवली होती आणि एक पाद्री दिवसभर तिच्यावर नजर ठेवून बसला होता, तो मला आवडतो. वरचा पारा उतरला तो उंचीमुळेच, त्या दिवशी हवामान बदलल्यामुळे नाही, हे सिद्ध करायला कुणीतरी खाली बसून काहीच न घडलेलं बघणं आवश्यक होतं. आपल्याकडे ज्याला तहकीक म्हणतात त्यातला अर्धा भाग हाच.

पुढे इंग्लंडच्या स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडली आणि रक्त आठ फुटांहून वर चढलेलं १७३३ मध्ये प्रसिद्ध केलं. रक्ताचा दाब मोजण्याचा तो पहिला प्रयोग. आजही ब्लडप्रेशर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच सांगतात. मग श्वासाचा दाब पाण्यात का? कारण तो फार थोडा असतो. ११ सेंटिमीटर पाणी म्हणजे पाऱ्याचे जेमतेम ८ मिलिमीटर. एवढ्या अंतरात एकाचा फरक डोळ्यांनी वाचायचा म्हणजे कठीण. पाण्यात तोच फरक बोटभर दिसतो. समुद्रसपाटीवर आपल्यावर हवेचा जो दाब असतो तो सुमारे १०३३ सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे सीपॅप त्यात साधारण एक टक्क्याची भर घालतं. त्या एका टक्क्यावर माणसाची झोप, हृदय आणि मोटारसायकलचं हँडल अवलंबून असतं.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे एकक खरं तर परकं नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी जवळजवळ एक सेंटिमीटर वर येते. वादळात समुद्र फुगतो त्यात वाऱ्याच्या जोराचा वाटा मोठा, पण दाब उतरल्याचा हा वाटाही असतो. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गेलं तेव्हा देवबाग, तारकर्ली, मालवणच्या लोकांनी पाणी कुठवर आलं ते पाहिलं आहे. त्यानंतर कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. ज्या घरांत असं यंत्र होतं तिथे त्या रात्री कशा गेल्या असतील याचा विचार तेव्हा फारसा कुणी केला नाही. बॅटरीवर चालण्याची सोय यंत्र घेतानाच विचारून ठेवावी, हे जाता जाता.

आता एक विषय जो या ब्लॉगच्या वाचकांना हमखास आठवला असेल. ‘हे सगळं मुसलमानांनी आधीच शोधलं होतं’ असे संदेश फिरत असतात. त्यात काय खरं आहे ते सांगतो. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ होते. त्यांना बनू मूसा म्हणतात. त्यांच्या ‘किताब अल-हियल’ या ग्रंथात शंभराच्या आसपास युक्तीची यंत्रं आहेत आणि त्यांतली बरीचशी पाणी आणि हवा यांच्या दाबातल्या लहानशा फरकावर चालतात. त्यातच विषारी वायू साठलेल्या विहिरीत उतरणाऱ्या माणसाला बाहेरची चांगली हवा नाकाशी मिळावी यासाठी एक साधन दिलेलं आहे. विहिरीत उतरलेली माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो, तेव्हा अकराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये कुणीतरी याचा विचार केला होता याचं मला अप्रूप वाटतं. पुढे मर्व शहरातल्या अल-खाझिनीने, जो मूळचा गुलाम होता, ११२१ च्या सुमारास ‘मीझान अल-हिक्मा’ लिहिलं. हवेत तोललेल्या वस्तूचं वजन हवेमुळेच किंचित कमी भरतं हे त्यात आहे. मीझान म्हणजे तराजू. सूरह रहमान पढणाऱ्यांना हा शब्द चांगला ओळखीचा आहे.

पण यावरून बनू मूसांनी सीपॅप शोधलं असं म्हणणं म्हणजे त्या भावांचाच अपमान. ते स्वतः मोजल्याशिवाय लिहीत नसत. अल-खाझिनीने तर अख्खा ग्रंथ तराजू खोटा पडू नये म्हणून लिहिला.

हा रोग काही आपल्याच समाजाचा नाही. आपल्या जिल्ह्यात विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि १८६८ मध्ये लॉकियर साहेबाने इथूनच सूर्यग्रहण बघून हेलियम शोधला असं सांगतात. त्या वर्षी ग्रहण दिसलं हे खरं. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता आणि त्याचं गाजलेलं निरीक्षण ऑक्टोबर १८६८ मध्ये लंडनजवळून, ग्रहणाशिवाय झालं. ग्रहणाच्या दिवशी भारतात होता तो फ्रान्सचा जान्सेन, आणि तोही गुंटूरला. लॉकियर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रॅमसेने हेलियम पृथ्वीवरही शोधून तीन वर्षं झाली होती. विजयदुर्गाला मोठं व्हायला हेलियमची गरज नाही आणि बनू मूसांना सीपॅपची नाही.

खरं सीपॅप कसं आलं ते पाहू. घोरणं म्हणजे गाढ झोप, ही समजूत जगभर होती. आपल्याकडे कुंभकर्ण आहेच. इंग्रजांकडे डिकन्सने १८३६-३७ मध्ये ‘पिकविक पेपर्स’मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोरगा रंगवला, जो दार ठोठावता ठोठावता झोपतो. त्याच्यावरून १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका आजाराला पिकविकचं नाव दिलं. त्यांचा रोगी पत्ते खेळताना हातात तीन एक्के आणि दोन बादशहा आलेले असूनही झोपला, आणि डाव हातचा गेल्यावर दवाखान्यात आला. (जुगारातून कुणाचं भलं झाल्याचं हे एकच उदाहरण माझ्या माहितीत आहे.) तरी त्या डॉक्टरांनाही झोपेत घसा बंद होतो हे कळलं नव्हतं. ते १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी रात्रभर श्वासाची नोंद घेतली तेव्हा कळलं. उपाय एकच सापडला, आणि तो भयंकर होता. गळ्याला भोक पाडून नळी बसवायची, म्हणजे बंद होणाऱ्या जागेच्या खालूनच श्वास घेता येतो. रात्री नळी उघडायची, दिवसा बूच लावून बोलायचं. १९६९ पासून पुढे दहा-बारा वर्षं गंभीर रोग्याला हाच पर्याय होता.

जून १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्याकडे असाच एक रोगी आला. बांधकामावरचा कामगार. गळ्याला भोक पाडायला तो तयार नव्हता, पण एखादा प्रयोग करून बघायला त्याची ना नव्हती. सलिव्हन यांनी आधी कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वासावर काम केलं होतं आणि कुत्र्यांच्या तोंडाला बसणारे मास्क त्यांनी तयार केले होते. इथे त्यांनी हवा फेकणारी मोटर, नळ्या आणि नाकात बसणारी जोडणी अशी हाताने जुळवाजुळव केली. दाब हळूहळू वाढवत नेला. एका आकड्याला घोरणं थांबलं, श्वास सरळ झाला आणि तो माणूस बहुधा कित्येक वर्षांनी पहिल्यांदा खऱ्या झोपेत गेला. थोडा वेळ करायचा प्रयोग रात्रभर चालला. सकाळी तो ताजातवाना उठला. एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रोग्यांवरचा अहवाल आला. त्यांना लागलेला दाब होता साडेचार ते दहा सेंटिमीटर पाणी.

हवा फेकणारी मोटर म्हणजे काय, तर धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलट बाजूने. याआधीही असंच झालं होतं. १९३६ मध्ये लंडनच्या गाईज हॉस्पिटलचे डॉ. पोल्टन यांनी फुप्फुसात पाणी झालेल्या हृदयरोग्यांना व्हॅक्यूम क्लीनरच्या हवेनेच दाब दिला होता. पुढे चव्वेचाळीस वर्षं ती कल्पना झोपेच्या कामी कुणाला सुचली नाही. पहिले मास्क रोग्याच्या नाकाचा साचा घेऊन बनवत आणि रोज रात्री गोंदासारख्या पदार्थाने नाकाला चिकटवत. १९८५ पासून कारखान्यात तयार होणारी यंत्रं आली. मास्क मऊ झाले आणि यंत्र उशाशी मावू लागलं.

आपल्याकडे या आजाराचं मोजमाप उशिरा झालं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या, नेहमीच्या तपासणीला आलेल्या पुरुषांकडे पाहिलं. साडेएकोणीस टक्क्यांना झोपेत श्वास अडकण्याचा दोष निघाला, आणि साडेसात टक्क्यांना दोष आणि दिवसा झोप येणं ही दोन्ही होती. ही माणसं आजारी म्हणून आलेली नव्हती, हे लक्षात घ्या. त्या हिशोबाने कुठल्याही जुम्याच्या खुत्ब्यात पेंगणाऱ्यांमध्ये काही जण आळशी नसून आजारी असतात.

माझे मामू त्यांतलेच. आयुष्यभर मासळीच्या धंद्यात, पहाटे तीनला उठून बंदरावर. म्हणून दिवसा डुलकी लागली तर कुणाला विशेष वाटलं नाही. स्कूटरवरून कुडाळहून येताना गटारात गेले तेव्हा तपासणी झाली आणि डॉक्टरांनी ११ चा दाब लिहून दिला. यंत्र मात्र दुकानातून आलं नाही, कुवेतहून आलं. तिथल्या भाच्याने आपलं जुनं पाठवलं. आखाती देशांतून आपल्या घरांत रेडिओ आले, मिक्सर आले, ब्लँकेट आली, तसं हे. एका तंत्रज्ञाने त्यावर ११ चा आकडा लावून दिला. दोन महिने बरे गेले आणि मग मामू पुन्हा दिवसा पेंगू लागले. “वारो येता, पण जोर नाय,” एवढंच त्यांचं म्हणणं. एका दुकानदाराने यंत्र न उघडताच निकाल दिला की मोटर गेली, नवीन घ्या. नव्याची किंमत पन्नास हजारांच्या वर सांगितली.

मोटर गेली की नाही हे कळायला दाब मोजायला हवा. तंत्रज्ञांकडे त्यासाठी बॅटरीवरचं मोजणीयंत्र असतं. ते जवळ नसेल तर तोरिचेल्लीच्या काळापासून चालत आलेली रीत आहे, आणि तिचं सामान आपल्या गावात प्रत्येक गवंड्याकडे असतं. जांभ्याच्या घराचं जोतं एका पातळीत आहे की नाही ते बघायला गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन कोपऱ्यांवर धरतो. तीच ती लेव्हल पाइप. दोन्ही टोकांना हवेचा दाब सारखा, म्हणून पाणी सारख्या उंचीवर. एका टोकावर दाब वाढवा, त्या बाजूचं पाणी खाली जाईल आणि दुसऱ्या बाजूचं वर येईल. दोन पातळ्यांमधलं उभं अंतर हाच दाब, सेंटिमीटर पाण्यात. पडद्यावरच्या एककाचा दुसरा कुठलाही अर्थ नाही.

आमच्या शेजारच्या गवंड्याने नवी नळी कापून दिली आणि सूचनाही दिली, “मास्तरानू, आत बुडबुडो रवाक नको. रवलो तर लेव्हल चुकता.” हे अगदी खरं आहे. नळी इंग्रजी यू अक्षरासारखी फळीवर बांधायची, प्रत्येक बाजू निदान ४० सेंटिमीटर. अर्ध्यापर्यंत पाणी, दिसायला सोपं जावं म्हणून थोडा खाण्याचा रंग. मध्ये पट्टी. यंत्र नळीपेक्षा उंचावर ठेवायचं, म्हणजे चुकूनही पाणी यंत्रात जाणार नाही. ओलाव्याचा डबा रिकामा. यंत्राची मोठी नळी आणि मास्क यांच्यामध्ये बसणारा, बाजूला बारीक तोटी असलेला एक सांधा मिळतो, एरवी तो प्राणवायू जोडायला वापरतात. त्या तोटीला आपल्या पाण्याच्या नळीचं एक टोक जोडायचं, दुसरं टोक उघडं.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. पहिलं म्हणजे बहुतेक यंत्रांत रात्री सुरुवातीला दाब कमी ठेवून तो अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू चढवण्याची सोय असते. ती चालू असताना मोजलं तर यंत्र ४ किंवा ५ दाखवणार आणि माणूस म्हणणार, बिघडलं. तसंच काही यंत्रं श्वास सोडताना दाब कमी करतात, आणि काही स्वतःच रात्रभर दाब बदलतात. मोजताना या सगळ्या सोयी बंद आणि दाब एकच ठेवावा लागतो. हे तंत्रज्ञाला विचारून करावं आणि नंतर जसं होतं तसं परत लावावं. दुसरं म्हणजे ११ चा दाब असेल तर एका बाजूचं पाणी साडेपाच उतरतं आणि दुसऱ्या बाजूचं साडेपाच चढतं. एकाच बाजूकडे बघणाऱ्याला दाब निम्मा वाटतो. अंतर दोन्ही पातळ्यांमधलं घ्यायचं.

आधी मास्क न लावता, नळीच्या टोकाला बारीक भोक असलेलं बूच लावून मोजलं. मास्कलाही उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी बारीक भोकं असतातच, म्हणून बूच पूर्ण बंद नको. पाणी हललं आणि स्थिर झालं. अंतर पावणेअकरा. अशा यंत्रांत अर्धा-एक सेंटिमीटरचा फरक चालतो. म्हणजे मोटर ठणठणीत. पन्नास हजार वाचले.

मग मामूंना मास्क लावायला सांगितलं. श्वासाबरोबर पाणी खालीवर होत होतं, म्हणून क्षणभर श्वास रोखायला लावला. उताणे असताना साडेदहा. कुशीवर वळले आणि गालाजवळ फुस्स असा आवाज आला. पाणी आठपर्यंत उतरलं आणि तिथेही ठरेना. दोष दाढीत होता. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कची मऊ कड कातडीवर बसायला हवी, ती मामूंच्या भरघोस पांढऱ्या दाढीवर बसत होती. गेल्या दोन महिन्यांत मास्कची कडही सैल पडली होती आणि केसांतून हवा निघून जात होती. यंत्र गळती भरून काढायचा प्रयत्न करतं, पण त्यालाही मर्यादा आहे.

घरात एकाने लगेच सुचवलं, दाढी कमी करा. मामूंनी ऐकून घेतलं आणि काही बोलले नाहीत. सत्तरीतल्या माणसाला सुन्नत आणि श्वास यांतलं एक निवडायला लावणं मला गैर वाटलं, आणि त्याची गरजही नव्हती. फक्त नाकपुड्यांखाली दोन मऊ उशांसारखा बसणारा मास्क मिळतो. तो दाढीला लागतच नाही, मिशी बारीक असली की पुरे, आणि ती तशी ठेवण्याचीच आपली रीत. डॉक्टरांना विचारलं. मामूंचं नाक मोकळं आहे आणि झोपेत तोंड मिटलेलं राहतं हे पाहून त्यांनी होकार दिला. ज्यांचं तोंड उघडं राहतं त्यांना हा मास्क चालत नाही. नव्या मास्कवर कुशीला वळूनही पाणी साडेदहाच्या खाली गेलं नाही. दाढीवाल्या रोग्यांना मास्क देताना हा प्रश्न सुरुवातीलाच विचारला जायला हवा, विशेषतः जिथे रोग्यांमध्ये मौलवी, सरदारजी आणि साधू सगळेच असतात.

या मोजणीला काय कळतं आणि काय कळत नाही, हे स्पष्ट असलेलं बरं. यंत्र पडद्यावर लिहिलंय तेवढा दाब देतं की नाही, एवढंच ती सांगते. तुम्हाला ११ हवा की १४, हे ती सांगू शकत नाही. ते झोपेच्या तपासणीत ठरतं आणि वजन बदललं की बदलूही शकतं. आकडा स्वतः वाढवू नये. मोजणीत दीड-दोन सेंटिमीटरची तूट दिसली तर आधी हवेची जाळी बघावी. आपल्या खाऱ्या, दमट हवेत ती पावसाळ्यात महिन्याभरातच काळी पडते. मग मोठी नळी बघावी, वळणाशी बारीक चीर पडते. तरीही तूट राहिली तर तंत्रज्ञाकडे. जुन्या यंत्रांना उंचीही कळत नाही. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, तिथे हवा जवळजवळ आठ टक्के विरळ, म्हणून तेवढाच दाब द्यायला पंख्याला जास्त फिरावं लागतं. काही जुन्या यंत्रांत उंची हाताने लावायची सोय असायची. नवी स्वतः जुळवून घेतात.

दाब बरोबर असला म्हणजे यंत्र निर्धोक, असंही नाही. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लाखो यंत्रं जगभरातून परत मागवली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येऊ शकत होते. पाण्याच्या नळीला हे दिसणार नाही. परदेशातून जुनं यंत्र आलं असेल तर त्याच्या तळाचा क्रमांक कंपनीच्या यादीशी ताडून बघावा.

पाण्याच्या नळीला गरिबाचं साधन समजून कुणी नाक मुरडू नये. तान्ह्या बाळांच्या दवाखान्यात आजही तीच आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं वेळेआधी जन्मलेलं बाळ फुप्फुसं उघडी राहत नाहीत म्हणून ३९ तासांत गेलं. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. जॉर्ज ग्रेगरी यांनी अशाच २० बाळांना सतत दाब देऊन १६ वाचवली. मग न्यूयॉर्कमध्ये त्याची सोपी रीत रूढ झाली. बाळाच्या उच्छ्वासाच्या नळीचं टोक पाण्यात बुडवून ठेवायचं. पाच सेंटिमीटर खोल बुडवलं तर पाचचा दाब.

हीच रीत डॉ. मुहम्मद जुबेर चिश्ती यांनी ढाक्याला नेली. १९९६ मध्ये सिल्हेटच्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर म्हणून एकाच रात्री त्यांच्यासमोर तीन मुलं न्यूमोनियाने गेली होती. पुढे मेलबर्नला त्यांनी बुडबुड्यांचं यंत्र पाहिलं, पण त्याची किंमत बांगलादेशला परवडणारी नव्हती. त्यांनी शॅम्पूची रिकामी प्लास्टिकची बाटली घेतली, पाणी भरलं, नळी जोडली. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात २२५ मुलं होती. नेहमीच्या पद्धतीने कमी वेगाने प्राणवायू दिलेल्या मुलांत १५ टक्के दगावली, बाटलीवाल्यांत ४ टक्के. फरक इतका ठळक होता की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्या बाटलीला पडदा नाही, आकडा नाही. बुडबुडे येत असतील तर दाब आहे. थांबले तर कुठेतरी हवा गळते आहे असं समजायचं आणि पहिल्यांदा बाळाच्या नाकाशी बसवलेली नळी बघायची.